राखणदार

माझी भाची कागद कात्रीने कापत नाही, हाताने फाडते. म्हणून घरात तिचं नाव पडलं उंदरी. जुनी मासिकं, पाकिटं, भिंतीवरून सुटलेल्या जाहिराती, काहीही तिला चालतं. त्या तुकड्यांची चित्रं जुळवून ती गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या अल्बमची मुखपृष्ठं करते. यावर कुणाचं पोट चालतं, हे मला बऱ्याच उशिरा पटलं.

पहिलं मुखपृष्ठ तिने शेजारच्या व्हायोलिनवाल्यासाठी केलं. दोघं एकत्रच वाढलेले. त्याची आई कामावर जायची, म्हणून तो आमच्या ताईकडे, भाचीच्या आईकडेच जेवायचा. त्याच्यामुळे मग ड्रमवाला आला, आणखीही आले.

तिची एक रीत होती. तालमीत बसून ऐकायचं, घरी येऊन तुकडे टेबलावर मांडायचे आणि वर काच ठेवायची. मग वाजवणाऱ्याने टेबलापाशी उभं राहून वाजवायचं. जे खटकेल ते ती सरकवायची. डिंक अगदी शेवटी. काही तुकडे नुसते जागा धरायला असत, त्यांना ती राखणदार म्हणे. चिकटवायच्या आधी ते निघायचे.

व्हायोलिनवाल्याला अल्बम काढणारी मोठी कंपनी मिळाली, तेव्हा तिने महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. त्या चित्रात कोपऱ्यातला राखणदार होता ताईचा फोटो. ताई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फोटो फाडवेना, म्हणून कपाची कड धरलेला हात तेवढा दिसेल असा तिने तो दुमडला होता. व्हायोलिनवाला आला, वाजवलं, बराच वेळ बघत राहिला. निवांत बघतो म्हणून मोबाइलवर फोटो घेऊन गेला. नंतर फोन आला, कंपनीला वेगळं काहीतरी हवंय. तिने तुकडे पाकिटात भरून ठेवले.

पुढे एकदा केस कापायला गेलो, तर समोरच्या भिंतीवर व्हायोलिनवाल्याच्या अल्बमचं मोठं पोस्टर. त्यात ताईचा हात, दुमडीच्या रेघेसकट. खाली चित्रकार म्हणून कंपनीतल्या कुणाचं तरी नाव. घरी कसं सांगावं कळेना. पण तिने आधीच पाहिलं होतं.

दोन दिवसांनी व्हायोलिनवाला अल्बम घेऊन आला आणि माझ्याशेजारी बसला. मामा, तुम्ही तरी समजावा, म्हणाला, नावाचं कंपनीने परस्पर केलं, पुढच्या वेळी घालतील.

"नावाचं जाऊ दे," भाची म्हणाली. "तो राखणदार होता. तुला माहीत होतं."

"त्यांना तोच सगळ्यांत आवडला, उंदरे."

"आणि तुला? तू तो हात ओळखला नाहीस?"

त्याने ओळखला होता. चपला घालून तो गेला. अल्बम टेबलावरच राहिला.

तिचं काम चालू आहे. परवा ड्रमवाला आला होता. चित्र बघून म्हणाला, छान आहे, फक्त हा निळा तुकडा जरा खाली घेतला तर? सवयीने त्याने काच उचलायला हात पुढे केला. काच नव्हतीच.

"वाळलंय," ती म्हणाली आणि डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं.