कराडजवळचा थांबा

परवा चेन्नईत, वेलचेरीच्या घरी जेवण मागवलं. मोबाइलच्या नकाशावर डिलिव्हरीवाल्याचा ठिपका पुलाखाली थांबला आणि त्याला फोन लावायला माझं बोट आपोआप पुढं गेलं. सवय जुनी आहे.

बारा वर्षांपूर्वी मी चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात दिवसभर स्क्रीनवर ट्रकचे ठिपके बघत बसायचे; एखादा थांबला की ड्रायव्हरला फोन लावायचा. दत्ता नवा ड्रायव्हर, कराडकडचा. ट्रेनिंगचे सहा महिने अर्धा पगार आणि सुट्टी नाही. विनाकारण गाडी थांबवली तर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. त्या दुपारी सुटे भाग घेऊन चाकणला निघालेली त्याची गाडी कराडजवळ हायवेवर थांबली. मी फोन लावला.

“काय रे, पंक्चर का?”

“नाही ताई. घरचे पोरीला घेऊन रस्त्यावर आलेत. दोन महिन्यांची झाली, आज पहिल्यांदा बघतोय.”

“बघितलीस ना? मग निघ.”

“झोपलीय हो. डोळे उघडले की लगेच निघतो.”

मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, “बापावर गेलीय, हलवल्याशिवाय उठायची नाही.”

“दत्ता, पुन्हा सहा महिने अर्ध्या पगारावर काढायचेत का?”

त्यानं फोन ठेवला. चार मिनिटांनी गाडी हलली. पोरगी उठली का, ते मी कधी विचारलं नाही. साहेबांनी माझं कौतुक केलं, आणि मला ते आवडलंही.

चाकणला कारखान्याच्या गेटबाहेर ती गाडी दोन दिवस रांगेत उभी राहिली. तिथं प्रत्येक गाडी राहायचीच. फोन करताना मला ते माहीत होतं.