खिडकीपलीकडची बहीण

ओहायोतल्या त्या लहानशा गावात कॉलेजच्या नोंदणी खिडकीवर वँडा प्रुइटचे केस पांढरे झाले. फी आम्ही भरतो, मग पोराचे मार्क आम्हाला का सांगत नाही, म्हणून किती बाप तिच्यासमोर टेबल आपटून गेले. कॉलेजात आल्यावर नोंदी पोराच्या, त्याची सही आणा, एवढंच ती म्हणायची. गाव तिला ‘कुलूप’ म्हणे. खोटं कशाला सांगा, तिला ते आवडायचंही.

मग हिवाळ्यात तिचा भाचा गॅरेट खिडकीशी आला. शेवटच्या वर्षात त्यानं शिक्षण सोडलं होतं आणि माझ्याबद्दल कुणालाही काहीही सांगू नका, असा अर्ज आणला होता. तसा अर्ज आला की ते नावच ठाऊक नाही असं म्हणावं लागतं.

“आईला मी सांगतो, मावशी. तू सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल,” तो म्हणाला. नको तिथं हुशार होतं पोरगं.

त्यानं सांगितलं नाही. वँडानं विनवलं, झापलं. दर वेळी उत्तर तेच, या आठवड्यात नक्की. तिकडे तिच्या धाकट्या बहिणीनं, लॉर्नानं, पदवीच्या जेवणासाठी अंगणात तंबू ठरवला, गॅरेटच्या नावाचा केक सांगितला, नातेवाइकांना टपालानं आमंत्रणं धाडली. दर रविवारी चर्चबाहेर वँडा हे सगळं ऐकून मान हलवी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मे महिन्यात लॉर्ना थेट कॉलेजातच आली. दोघींच्या म्हाताऱ्या आईची चाकाची खुर्ची जवळ लावायची होती, तर समारंभात गॅरेट कुठल्या रांगेत बसणार? वँडाच्या मागेच साहेबीणबाई बसल्या होत्या.

“या नावाच्या विद्यार्थ्याची आमच्याकडे काही माहिती नाही,” वँडा म्हणाली.

लॉर्ना हसली. “अगं, त्याचे लंगोट बदललेस तू. बरं, रांग राहू दे. सगळं ठीक आहे ना, तेवढं तरी सांग.”

वँडानं समोरचे कागद सारखे केले. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

“कुलूप ते कुलूपच,” लॉर्ना कौतुकानं म्हणाली आणि पर्स उचलून वळली. “शनिवारी बटाट्याचं सॅलड तूच आण हं. पुष्कळ माणसं येतायत.”

“आणते,” वँडा म्हणाली. बहिणीला देता येण्यासारखं तेवढंच उत्तर तिच्याजवळ होतं.