आत्याचे डोळे

सेमिसी जन्मला तेव्हा त्याचं तोंड आईच्या आधी आत्याने पाहिलं. दूर महासागरातल्या वावाऊ बेटांवर हे असंच चालतं. नाव आत्याने ठेवायचं, मान आत्याचा, आणि बाळात जे काही देखणं असेल तेही आत्याचंच. बारशाला नाव ठेवून आत्या मोकळी होते असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कालोलाइनेला पाहिलेलं नाही. ती स्वतः मोकळी होत नाही आणि दुसऱ्यालाही होऊ देत नाही.

कालोलाइने ही बाळाच्या बापाची, मनासेची, थोरली बहीण. अंगाने दणकट, पुढचा एक दात सोन्याचा, आवाज चर्चच्या घंटेवर मात करणारा. ती पुढच्या दाराने आली की मनासे मागच्या दाराने बाहेर पडायचा. भावाने बहिणीसोबत एका खोलीत बसायचं नाही आणि तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. त्यामुळे तिच्याशी बोलायचं सगळं काम त्याच्या बायकोच्या, लेसिएलीच्या गळ्यात. नणंदेपुढे भावजयीची काय पत्रास, ते मी सांगायला नको.

बाळाचे डोळे मात्र खरंच टपोरे होते. दर रविवारी कालोलाइने त्याच्या गळ्यात फुलांची माळ घाली, त्याला कडेवर घेऊन चर्चच्या सावलीत उभी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "बघून घ्या. आमच्या घराण्याचे डोळे आहेत हे." बाया माना डोलवायच्या. न डोलवून करतात काय?

लेसिएलीला एक गोष्ट सलत होती. उन्हात नेलं की पोर तिच्या छातीत तोंड खुपसायचं. डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं. बुबुळांवर निळसर झाक होती, दुधावर पातळ साय धरावी तशी. एकदा बायकांसमोर तिने धीर केला. "वन्सं, बाळाला उजेड सोसत नाही वाटतं."

"ते तुझ्या माहेरचं असेल," कालोलाइने म्हणाली. "डोळे आमचे आहेत. आमच्यात कुणी उजेडाला भीत नाही."

बाया खो खो हसल्या. लेसिएलीने अपमान गिळला आणि त्याबरोबर तो विषयही गिळला.

पुढे म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू काढायला डोळ्यांचा डॉक्टर नेआफूच्या बंदरावर आला. कालोलाइनेला जवळचं दिसेनासं झालं होतं, म्हणून ती चष्म्यासाठी निघाली. बाळालाही घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरला असे डोळे दाखवायची संधी ती कशाला सोडेल? लेसिएली दुपटी घेऊन मागे.

फेलेती नावाचा तरणा डॉक्टर होता, शेजारच्या हापाई बेटांवरचा. त्याने कालोलाइनेकडे बघायला बॅटरी उचलली आणि त्याची नजर तिच्या मांडीवरच्या बाळावर थबकली. उजेड पडताच सेमिसी किंचाळला. डॉक्टरने बॅटरी हाताने झाकली, पुन्हा हळूच उघडली, छोट्या पट्टीने बुबुळं मोजली. मग तो खुर्चीत मागे टेकला. त्याचा चेहरा उतरला होता.

"कुणावर गेलाय म्हणालात?"

"माझ्यावर. डोळे माझे आहेत."

"देव करो आणि तसं नसो, मावशी," तो म्हणाला. "डोळ्यात पाणी बनतं, त्याची बाहेर जायची वाट याला जन्मापासून बंद आहे. आत दाब वाढतो. तान्ह्याचा डोळा मऊ, म्हणून तो ताणून मोठा होतो. तुम्हाला टपोरे दिसतात ते हे असे. त्या दाबाने आतली नस मरते आहे, आणि मेलेली नस परत येत नाही. याच आठवड्यात त्याला ऑकलंडला न्या. विमानाची चिठ्ठी मी देतो."

 लेसिएली मागे भिंतीशी उभी होती. पाच महिने साऱ्या गावाने एका आजाराचं कौतुक केलं होतं. त्याला फुलं घालून मिरवलं होतं. आणि तिला, सख्ख्या आईला, सगळं दिसत होतं.

कालोलाइने उठली. "मी चष्म्याला आले होते," एवढंच म्हणाली आणि बाळाला घेऊन चालू लागली. घरी आल्यावर तिने निकाल दिला, "काल मिसरूड फुटलेलं पोर, मला शिकवतंय. मी पाल्याचा रस घालीन डोळ्यांत. कुठे जायचं नाही."

लेसिएलीने मागच्या दारी मनासेला गाठलं. "तू बोल तिच्याशी."

"तिला नाही म्हणायचं? मी?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ती बहीण आहे माझी."

"आणि तो कोण आहे तुझा?"

मनासे कोयता उचलून नारळ सोलायला बसला. तिला त्याची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

सकाळी गावातल्या बाया नेहमीसारख्या एका मोठ्या घरात झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसल्या. लाकडाच्या ओंडक्यावर मोगऱ्या तालात पडत होत्या. कालोलाइने मधोमध, बाळ मांडीवर. लेसिएली आत आली ती बसलीच नाही. बसलेल्या नणंदेसमोर भावजय उभी, हेच आधी कुणाला पचेना.

"वन्सं," ती म्हणाली, "हे डोळे तुमचे नाहीत. आजाराचे आहेत. माझं पोर आंधळं होतंय."

एकेक मोगरी थांबली. कुणी कुणाकडे बघेना. असं कुणी बोलू शकतं, हेच त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

 कालोलाइनेने बाळाला उचललं आणि दाराबाहेर, भर उन्हात नेलं. एरवी ती त्याला नेहमी सावलीत धरायची. सेमिसीने डोळे गच्च मिटले, रडत रडत तिच्या मानेत तोंड लपवलं. तिने त्याला पुन्हा उजेडाकडे वळवलं. त्याने पुन्हा लपवलं.  मग ती आत आली, बाळ आईच्या हातात दिलं आणि खाली, तिच्या पायांशी बसली.

"मनासेला सांग," ती म्हणाली, "बॅग भर म्हणावं."

बाळाचं ऑपरेशन करून लेसिएली परतली तेव्हा विमानतळावर अर्धं गाव हजर. सवय जिभेची. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "अगं बाई, डोळे बघा कसे, अगदी आत्याचे!"

"माझे नाहीत," कालोलाइने सगळ्यांदेखत म्हणाली. "आजाराचे आहेत. तुमच्याकडे कुणाचे असे असतील तर मिरवू नका, दवाखान्यात न्या."

तिने हात पुढे केले. माथ्यावर ऊन रणरणत होतं. सेमिसीने मान किंचित वळवली, डावा डोळा तिच्यावर रोखला आणि तिच्या तोंडात बोट घालून चमकणारा सोन्याचा दात धरला. कालोलाइने तोंड तसंच उघडं ठेवून रडायला लागली.

लेसिएलीला रडू आलं नाही. उजवा डोळा गेला होता. दोन महिने आधी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं. बोलायला एक वाक्य लागलं होतं, आणि ते बोलल्यावर आभाळ कोसळलं नव्हतं.