न फाडलेल्या पोटाची चौकशी

माझ्या मामाने तीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमचं कापड तपासलं. ताका उजेडात ओढायचा, दोष दिसला की त्या जागी पेनने गोल काढायचा. त्याच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली तेव्हा मुंबईचे डॉक्टर म्हणाले, पोट फाडायला नको. दोन्ही जांघांत एकेक भोक पाडून आतून पॉलिएस्टरची नळी बसवू. मामाने घाबरायचं सोडून नमुना मागितला आणि खिडकीशी धरून पाहिला.

"कापड बरं हाय. पन भोकाचं काय?"

डॉक्टरांच्या मागे इतकी मानपत्रं होती की भिंतीचा रंग कळत नव्हता. ते म्हणाले, धमनीत आधीच दोरा ओवून ठेवतो. नळी बसली की गाठ ओढायची, भोक बंद.

"ती गाठ धा वर्सं टिकंल?"

मानपत्रांना शोभेलसं उत्तर ऐकायची मी तयारी केली.

"काका, ठाऊक नाही. असं करून दहा वर्षं झालेला पेशंट माझ्याकडे नाहीच. दरवर्षी दाखवायला या, म्हणजे दोघांनाही कळेल."

मामा तिथेच तयार झाला. "माल चोख हाय असं जो आधीच सांगंल, त्याचा ताका मी शेवटपर्यंत उलगडायचो," त्याने मला रिक्षात समजावलं.

ऑपरेशननंतर अंजूरला, मामाच्या घरी, पाहुणे आले आणि निराश होऊन गेले. दाखवायला टाकाच नव्हता. शेजारी म्हणाला, "आमच्या म्हशीला यापरीस मोठी सुई टोचतात."

तिसऱ्या वर्षी मामीही म्हणाली, "धडधाकट हाव ना? मंग कशाला जायचं?"

मामा तरी तपासणीला गेला. निघण्याआधी दोन्ही जांघांत, भोकांच्या जागी, पेनने गोल काढले. सोनोग्राफी करणाऱ्या तरुण बाईंनी पोट तपासलं. नळी जागेवर होती, गळती नव्हती. त्या यंत्र ठेवणार तोच त्यांना गोल दिसले.

"काका, हे काय?"

"दोष असंल त तिथं असंल."

त्या हसल्या, पण यंत्र फिरवलं. डावी बाजू साफ. उजव्या गाठीपाशी धमनी जराशी अरुंद झाली होती. बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पायाला रक्त नीट जातंय. आज काही करायला नको. पण आता सहा महिन्यांनी या."

मामाच्या चेहऱ्यावर दोष सापडल्याचं जुनं समाधान होतं. शर्ट खोचत त्याने विचारलं, "डाक्टर, आता कोनी गाठीचं तीन वर्सांचं इचारलं, त सांगाल ना?"

डॉक्टरांनी तीन वर्षांनी दिसलेली ती अरुंद जागा त्याच्यादेखत लिहून घेतली.