हात आधी, रबर मागनं

वडगावातल्या एका हायस्कुलात उपासना कांबळे चौदा वर्षं पीटी टीचर होती. शाळा सुटल्यावर जुन्या हॉलमध्ये दोन टेबलं मांडून ती पोरांना टेबल टेनिस शिकवायची. एखादा पालक हमखास विचारायचा, मॅडम, बॅटीला कुठलं रबर लावू, मोबाईलवर तर पन्नास प्रकार दिसतायत. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "हात आधी, रबर मागनं."

या बोलण्यात तिचा थोडा अभिमानही होता. ती निपाणीची. आई सोनुबाई विड्या वळायची, आणि उपासना शाळेच्या कपाटातली जुनी बॅट घेऊन जिल्ह्याच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली होती. तिथं हरल्यावर शाळेतले सर म्हणाले, "तुझा हात कच्चा आहे, रबराला दोष देऊ नकोस." तिनं दोष दिला नव्हता. पण ते वाक्य तिनं जन्माचं धरून ठेवलं.

रचना सातवीत असताना तिच्याकडं आली. घरातच चार पॉवरलूम, वडील भरमू आणि आई दिवसभर मागावर. पोरगी पायानं चपळ, चेंडू कुठं पडणार हे तिला आधीच कळायचं. बॅट चुलतभावानं वापरून सोडलेली. खोट एकच होती. फोरहँड मारताना चेंडूला घासून फिरकी द्यायची सोडून ती मनगट मागं मोडायची, बॅटीचं तोंड वर उघडायची आणि चेंडू नुसता ढकलायची. दोन वर्षं उपासनानं त्या मनगटामागं घालवली. पाठीमागं उभी राहून हात धरला, रोज दोनशे चेंडू मारून घेतले. सावकाश खेळताना जमायचं. सामना सुरू झाला की मनगट पुन्हा मोडायचं.

नववीत गेल्यावर रचनानं एकदा विचारलं, "मॅडम, रबर बदलूया काय? आप्पा आणून देतो म्हणालेत."

"मनगट सुधारू दे, मग बघू."

रचनानं मान हलवली, रबरावर तोंडानं वाफ सोडली, ओढणीनं पुसलं आणि परत टेबलाशी उभी राहिली.

ऑगस्टमध्ये जिल्ह्याची निवड होती. रचना दुसऱ्याच फेरीत हरली, तीही आधी दोनदा हरवलेल्या मुलीकडून. शेवटच्या गेममध्ये लागोपाठ तीन चेंडू बॅटीवरून घसरून जाळीत गेले. ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती.

"मॅडम, सौम्याला तुमी रबर बदलायला सांगितलंसा."

सौम्या त्याच हॉलमध्ये शिकणारी, खासबागच्या एका डॉक्टरांची मुलगी. महिन्यापूर्वी तिच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा उपासना हो म्हणाली होती.

"तिचा हात तयार झालाय गं."

"माझ्यापेक्षा?"

रचना सौम्याला रोज हरवत होती. पोरगी बॅट बाकावर ठेवून वडिलांच्या स्कूटरवर बसून गेली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही.

मग हॉलमध्ये उपासनानं तीच बॅट घेतली आणि सौम्याला चेंडू टाकायला सांगितलं. दोन वर्षांत ही बॅट तिनं कितीदा तरी हातात घेतली होती, पण मनगट कसं ठेवायचं ते दाखवायलाच. खेळून कधी बघितलं नव्हतं. पहिला चेंडू घासला, तो सरळ खाली गेला. दुसराही. रबर काचेसारखं गुळगुळीत झालेलं, चेंडूला धरतच नव्हतं. आठदहा चेंडूंनंतर एक पलीकडं गेला आणि उपासना थांबली. तो चेंडू तिनं मनगट मोडून, बॅट उघडून ढकलला होता. तिचा हातही न सांगता तेच करायला लागला होता.

"मॅडम, टाकू?" सौम्यानं विचारलं.

"नको. राहू दे."

रविवारी ती निपाणीला आईकडं गेली. सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "आई, माझे सर कसे होते गं?"

सोनुबाई तांदूळ निवडत होती. "दुसऱ्या पोरींस्नी कपाटातनं नव्या बॅटी द्यायचा. तुला जुनी. तूच सांगिटलंतीस की घरी येऊन."

"मी?"

"व्हय. लई रडलीस एक दिवस. मग गप झालीस, परत इषय काढला न्हाईस."

उपासनाला यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. परतीच्या बसमध्ये ती स्वतःला विचारत राहिली, सौम्याच्या वडिलांना हो म्हणताना आपल्याला एक क्षणही का लागला नाही? रचनाला तिनं आपल्यासारखं घडवायचं ठरवलं होतं. आपल्यासारखं म्हणजे नेमकं कसं, हे मात्र कधी तपासलं नव्हतं.

सोमवारी ती रचनाच्या घरी गेली. भरमूनं माग बंद केला तेव्हा कुठं बोलणं ऐकू यायला लागलं.

"अण्णा, चूक माझी झाली. खोट बॅटीत होती, मी पोरीत काढत बसले."

"चुकीचं काय घिऊन बसलाय मॅडम," भरमू म्हणाला. "पोरगी खेळत न्हाय म्हणत्या. तुमी इचारून बघा."

रचना आली, पण आठवड्यानं. उपासनानं फार वेगाचं नाही, पण चेंडू नीट धरणारं रबर स्वतः चिकटवून ठेवलं होतं. आता उलटच झालं. बॅट उघडायची सवय मोडेना आणि चेंडू टेबलाच्या बाहेर जायला लागला. तीन आठवडे हेच चाललं.

"रबर चांगलं हाय मॅडम. हातच तसा बसलाय."

"मी बसवलाय गं तो. सुटंल, पण वेळ लागंल."

"किती?"

"वर्ष तरी."

"वर्षानं माझी दहावी."

पोरीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर उपासनाला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर रचना फक्त शनिवारी यायला लागली. अभ्यास होता, मागावरही हात लावावा लागत होता. पूर्वी ती दर चेंडूनंतर मॅडमकडं बघायची, ते तिनं सोडलं होतं. जानेवारीतल्या एका शनिवारी तिनं फिरकी दिलेला एक चेंडू टेबलाच्या पार टोकाला पडून उसळला. उपासना दाराशी उभी होती. रचनानं तिच्याकडं न बघता ओढणी खोचली आणि सौम्याला म्हणाली, "परत टाक. तिथंच टाक."