साडूचा टॉवर

आमचे हे वीजकेंद्रात जाळीवर होते. समुद्राचं पाणी आत ओढायचं, यंत्रं गार करायची आणि तापलेलं पाणी परत समुद्रात सोडायचं, ही तिथली जुनी रीत. पाण्याबरोबर मासेही ओढले जायचे आणि फिरत्या जाळ्यांना चिकटायचे. जिवंत असतील ते परत सोडायचे, मेलेले टोपलीत टाकायचे, हे ह्यांचं काम. सगळे ह्यांना 'जाळीवाले' म्हणायचे आणि ह्यांना ते पदवीसारखं वाटायचं.

मग वरून हुकूम आला. समुद्रातले जीव फार मरतात, कूलिंग टॉवर बांधा आणि तेच पाणी गार करून पुन्हा पुन्हा फिरवा. टॉवर उभा राहिला. त्याच्यावर प्रमुख म्हणून बसवलं कुणाला, तर माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला. सख्खे भाऊ पक्के वैरी म्हणतात. साडूंना तर सख्खं असण्याचीही गरज लागत नाही.

ह्यांचा नुसता जळफळाट. जेवताना टॉवर, झोपताना टॉवर. खिडकीतून दिसतो म्हणून खिडकीच बंद करून टाकली. मी समजूत घालायची, ते सोडून आगीत तेल ओतत होते, कारण माझ्याही पोटात दुखत होतंच. माझे जुने कपडे घालून मोठी झालेली बहीण आता फोनवर म्हणायची, "ताई, यांच्यावर केवढी जबाबदारी आहे गं."

चाचणी सुरू झाली. जाळीवरचे मेलेले मासे कमी झाले की टॉवर पास, साडू त्या जागेवर कायम आणि ह्यांच्या बहुतेक जाळ्या बंद. टोपली रोज हलकी होत चालली होती. तपासणीला बाई येणार त्या दिवशी ह्यांनी वाटेत बाजारातून पिशवीभर मासे घेतले, घाईघाईने टोपलीच्या तळाशी ओतले आणि वर जाळीवरचे चार खरे पसरले.

सगळा जन्म मासे उचलण्यात गेला, पण विकत कधी एकही घेतला नव्हता. विकणारे न सांगताच मासा साफ करून देतात, हे ह्यांना कुठून ठाऊक असणार?

बाईंनी टोपली उपडी केली. एक मासा उचलला. पोट स्वच्छ चिरलेलं. दुसरा, तोही तसाच.

"हे जाळीने केलं?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात मागून साडू म्हणाला, "माझे आहेत, बाई. घरी न्यायला घेतले होते. ठेवताना टोपली चुकली."

खरे मासे तेवढे मोजले गेले. टॉवर पास झाला. निष्काळजीपणाबद्दल साडूला लेखी ठपका बसला आणि कायम होण्याचं लांबणीवर पडलं.

संध्याकाळी हे सगळं मला सांगून ह्यांनी चप्पल कोपऱ्यात भिरकावली. "टॉवर घेतला तो घेतला, आता चांगुलपणातही हाच पुढे!"

मला म्हणायला हवं होतं, लाज वाटू द्या. पण मनात आलं ते एवढंच, की आता बहीण जन्मभर ऐकवणार. वाट कशाला बघा, म्हणून मीच फोन लावला.

"ताई, यांना कसला ठपका बसलाय गं?" ती रडवेली झाली होती. "काही सांगतच नाहीत. दाजींना काही माहीत आहे का?"

म्हणजे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी ह्यांना तसं म्हटलं, तर ह्यांचा चेहरा असा उतरला की विचारू नका. बढाई मारली असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी हे सरळ साहेबांसमोर उभे राहिले. मासे माझे, ठपका मला द्या, म्हणाले. लोकांना वाटलं, पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप? साडूचं काही अंगावर ठेवायचं नव्हतं. साडूच्या नावावरचा ठपका पुसला गेला, तो कायमही झाला आणि ह्यांची जाळी गेली. ठपक्याचा कागद घेऊन हे घरी आले, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "बघ. हा माझा आहे."