भाऊकीचं रगत

हिराजीकाकांच्या पाया पडायला वाकलं, की ते खसकन पाय मागे घेत आणि म्हणत, "आदी तुजा तलवा दाखव!" पालेगावात एका नवरदेवालाही त्यांनी भर मांडवात मोजड्या काढायला लावल्या होत्या. काकांनी स्वतःच्या टाचेवरचा काळा डाग भोवरी समजून दोन वर्षं ब्लेडने तासला, आणि तो निघाला त्वचेचा कर्करोग. तेव्हापासून अख्ख्या गावाचे तळवे ही त्यांची जबाबदारी झाली.

मी बदलापूरची. इस्पितळातल्या संशोधनासाठी रुग्णांच्या घरच्यांचं रक्त गोळा करते. काकांचा आजार जनुकांतून, म्हणजे पिढीजात आला आहे का, हे आम्हांला शोधायचं होतं. काकांना आमच्याहून जास्त घाई होती, कारण त्यांच्या सात वर्षांच्या नातीच्या, परीच्या टाचेवरही एक तीळ होता.

काकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाच्या गाठीला ओळखत नव्हती, म्हणून त्या शक्तीला जागं करणारं औषध सलाइनमधून चालू होतं. "आंगातले राखनदार झोपलेन, त्यांना च्या पाजतान," असं काका शेजारच्या खाटेला समजावून सांगत. डॉक्टरांपेक्षा त्यांचंच लोकांना लवकर पटे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

रक्त द्यायला सगळे आले, काकांचा चुलतभाऊ पदू सोडून. त्याचा बाप असाच पाय चिघळून वारला होता, त्यामुळे त्याचं रक्त हवंच होतं. पण एमआयडीसीलगतच्या जमिनीवरून दोघांत वीस वर्षं अबोला.

"रगत घेवून जमिनीला वारस लावाल. मना ठावं हाय," पदूने ओट्यावरूनच सुनावलं. मी अर्धा तास जनुकं समजावली. पालथ्या घड्यावर पाणी!

काका दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून स्टॅम्प पेपर करून आले: 'सदर रक्त जमिनीच्या कोणत्याही वादात वापरले जाणार नाही.' खाली दोन साक्षीदार, त्यातली एक मी. पदूने कागद तीनदा वाचला, बाही वर केली आणि काकांना हळूच विचारलं, "दुखतं का रं पाय?"

अहवाल आला तेव्हा औषधाने हात टेकले होते. त्यानंतर काका आठच दिवस जगले, आणि दिवस थोडे उरलेत हे त्यांना तेव्हाच कळत होतं. जनुकांतला बिघाड फक्त गाठीत सापडला होता. घराण्याच्या रक्तात, परीच्याही, तो कुठेच नव्हता. तिचा तीळही डॉक्टरांनी तपासला होता, तो नुसता तीळ होता.

"म्हंजे ह्ये वडिलोपार्जित नाय?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

"माजी सोताची कमाई?"

"हो."

"मंग बेस! परीचा हिस्सा नाय यात." मग खाटेशी बसलेल्या पदूकडे वळून म्हणाले, "तुजा बी नाय. उगा दावा लावू नको."

पदू हसायला गेला आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडला.